खडूचे बुडबुडे

एकतीस वर्षं मी फळ्यावर हायड्रिला काढली.
उलटं नरसाळं, त्यावर परीक्षानळी,
नळीत पाच-सहा गोल, खडूचे.
"हा प्राणवायू," म्हणायचे मी,
आणि पोरं वहीत कंपासनं बुडबुडे काढायची.
खरी हायड्रिला शाळेत आलीच नाही.
मागणीपत्रावर तिचं नाव दरसाल चढे
आणि दरसाल फिनेल येई.

निवृत्तीला भाच्यानं काचेची टाकी दिली, दोन फुटी.
मासे चार, प्लॅस्टिकचं झाड एक, गुलाबी.
मासे त्याच्या आडोशाला जात
आणि अंग घासलं की दचकून बाहेर येत.

म्हणून निघाले.
सीताबर्डीत पोरगा म्हणाला,
"जिवंत कायले पाह्यजे, मॅडम? हे धुतलं का नवं होते."
गोकुळपेठेत एक मिळाली, ती निघाली मनी प्लांट,
पाहुणीसारखी पाण्यात पाय सोडून बसलेली.
सेमिनरी हिल्सजवळच्या नर्सरीत माळ्यानं
माझ्याकडे नीट पाहून घेतलं. "झाडं मातीत राह्यतेत, बाई."
मोमिनपुऱ्याच्या इमदादभाईंनी तेवढं खरं सांगितलं :
"मे महिन्यात मागवू नका, बहेनजी.
कोलकात्याहून हिरवं निघतं,
इथं उतरते ती पालकाची भाजी."

मी ऐकलं नाही.
बाहेर सेहेचाळीस. तिसऱ्या दिवशी कुरियरवाला
कूलरसमोर उभा राहून दोन तांबे पाणी प्याला.
डबा उघडला. वास आधी आला.
पावतीवर मात्र स्वच्छ छापलेलं :
व्हॅलिस्नेरिया, नग दहा.
तिची मादी फिरकीच्या देठावर पाण्यावर येते,
नर सुटून तरंगत तिच्याकडे जातो,
सात गुणांचा प्रश्न.
मी ते सगळं नळाखाली धुतलं, मोरीत गेलं.

मग पावसाळाभर टाकी गुलाबीच.

कार्तिकात कॉटन मार्केटच्या कोपऱ्यावर शिंगाडे घेत होते.
टोपलीवर ओलं काहीतरी झाकलेलं,
ते मी बाजूला केलं आणि हात तिथंच राहिला.
देठाभोवती पानांचं वर्तुळ, चार, पाच,
पुन्हा चार. कडेला बारीक दात.
"हे काय?" मी विचारलं, मी, उत्तर माहीत असलेली.
"चिला," कौतिकाबाई म्हणाली. "शिंगाडे थंडे राह्यतेत त्यानं."
"विकता?"
"चिला कोनी इकत घेते का!"
मग माप थांबवून माझ्याकडे बघत राहिली.
"एक डाव सारा मेला होता आमच्या तलावातला.
कोन्तं औषध टाकलं होतं लोकायनं, तन मरावं म्हून.
मच्छी बी गेली. दोन सालं जाळं कोरडं.
मंग आमी बायांनीच दुसऱ्या तलावातून आनला,
कंबरभर पान्यात उभं राहून लावला. एकेक काडी.
धान लावतेत तसा."
तिनं हात दाखवला नाही, मीच पाहिला :
नखांपाशी शिंगाड्याच्या काट्यांचे जुने काळे ठिपके.

पैसे घेतले नाहीत. पाव किलो शिंगाडे जास्त घ्यायला लावले,
आणि ओल्या पोत्याच्या तुकड्यात चिला बांधून दिला.
"धुवून घेजो. गोगलगाई राह्यतेत त्यात.
आनखी पाह्यजेन त सोमवारी ये."

आज सकाळी अकराला
खिडकीतलं ऊन टाकीच्या कोपऱ्यापर्यंत पोचलं.
मी खुर्ची ओढून बसले. भाजी गॅसवर होती.
पानाच्या कडेला काहीतरी चमकलं,
लांबट, एका अंगानं चपटं,
बराच वेळ धरून राहिलं, हललं, सुटलं,
थोडं तिरपं होत वर गेलं.
मागून दुसरं.
फळ्यावर मी त्यांना फारच गोल काढत होते.

भाजी करपली.
धुवूनही एक गोगलगाय राहिलीच,
काचेवर चढतेय, आतून, सावकाश.
तिचं नाव मला माहीत नाही.
सोमवारी विचारीन.